अण्णांसाठी टॅब घेताना

आमचे अण्णा पंचाहत्तरीचे. उभं आयुष्य चादरीच्या कारखान्यांत गेलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आजही खिशात साधा बटणांचा फोन असतो. आई स्मार्टफोन सफाईने वापरते, सगळ्या नातेवाइकांची खबरबात तिच्याकडे असते. अण्णांनी मात्र तो फोन हातात घेतला की दोन मिनिटांत परत देतात. अक्षर लागत नाही, आवाज कळत नाही आणि बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडतं. मी पुण्याला, धाकटी बहीण हैदराबादला. तिची मुलगी व्हिडिओ कॉलवर आजोबांना चित्र दाखवायला येते तेव्हा अण्णा "हां हां, छान" म्हणतात आणि फोन आईकडे सरकवतात. हे बघवेना, म्हणून आम्ही दोघा भावंडांनी त्यांच्यासाठी टॅब घ्यायचं ठरवलं.

नेटवर टॅबच्या तुलना ढिगाने सापडतात, पण प्रोसेसर आणि गेमिंगच्या त्या चर्चेत अण्णांच्या उपयोगाचं फारसं काही नसतं. रॅम, म्हणजे टॅबची कामाची मेमरी, ४ जीबीपेक्षा कमी नको, एवढं मी त्यातून पक्कं धरलं. कारण सरळ आहे. टॅब संथ असला की आपण थांबतो, नवखा माणूस थांबत नाही. काही झालं नाही असं वाटून तो पुन्हा दाबतो, तेवढ्यात पडदा बदललेला असतो आणि दुसरं बोट तिसऱ्याच ठिकाणी पडतं. मग त्याला वाटतं, आपल्याकडून काहीतरी बिघडलं.

सोलापूरला गेलो तेव्हा अण्णांनाच विचारलं, तुम्हाला त्यात काय काय बघायला आवडेल?

"मला कशाला रे? तुझ्या आईला घे." मग जेवण झाल्यावर, हात धुताना, आपणहून म्हणाले, "त्याच्यात पंढरपूरचं दर्शन दिसतंय म्हणं. बाजूचे बघतेत रोज."

तिथून पुढे एकेक निघत गेलं. विठ्ठलाचं लाइव्ह दर्शन, कीर्तनं, क्रिकेट, गावाला गेल्यावर 'संचार' पेपर मिळत नाही तो, आणि नात. मी ते एका कागदावर लिहून घेतलं. या पाच कामांना जो टॅब सोपा, तोच घ्यायचा असं ठरवलं आणि खरेदीला अण्णांना सोबत घेऊन गेलो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या ओळखीत बहुतेक ठिकाणी मुलं ऑनलाइन मागवतात, खोकं घरी येतं आणि म्हाताऱ्या माणसाने ते पहिल्यांदा हातात धरलेलं असतं तेव्हा परत करायची मुदत संपत आलेली असते.

नव्या पेठेत मोबाईलची दुकानं एकाला एक लागून आहेत. एका दुकानात काउंटरवरचा मुलगा सगळं मलाच समजावून सांगत होता. मी म्हटलं, टॅब काकांच्या हातात द्या. त्याने दिला. "काका, इथं टच करा." अण्णांनी तर्जनी टेकवली. काही झालं नाही. जोरात दाबली. काही नाही. आणखी जोरात दाबून धरली, तर ते चित्र जागचं सुटून बोटाबरोबर सरकायला लागलं. मुलाने हात पुढे करून हलकेच टेकवलं, लगेच उघडलं. अण्णांनी पुन्हा करून बघितलं.

"ह्याला माझं बोटच कळंना की."

मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. उजव्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक. मागावर धागा तुटला की याच चिमटीत दोन्ही टोकं धरून गाठ मारायची, दिवसातून किती वेळा त्याला गणती नाही. तिथली कातडी टणक आणि गुळगुळीत झाली आहे, रेषा पुसून गेल्यासारख्या. आधार कार्डाच्या वेळी याच बोटांचे ठसे उमटत नव्हते. त्यात वयामुळे कोरडेपणा. टचस्क्रीन दाबल्याने चालत नाही. बोटातून जो अगदी सूक्ष्म विद्युतभार जातो, त्यातला बदल काच ओळखते. ओलसर, मऊ कातडी तो चांगला वाहते, कोरडी आणि घट्टे पडलेली कातडी नीट वाहत नाही. त्यामुळे जोर लावून उपयोग नसतो. उलट जोर लावताना बोट काचेवर जास्त वेळ राहतं आणि टॅबला वाटतं, याला चित्र उचलून हलवायचं आहे.

हे समजल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आपल्याला येत नाही असं नाही, कातडीचा प्रश्न आहे, हे त्यांना एकदम पटलं. मागाचा माणूस आहे, यंत्र का अडलं याचं कारण कळलं की तो पुढे जातो.

मग आम्ही त्या अंगाने शोधायला लागलो. दुकानात नमुन्यादाखल ठेवलेल्या टॅबवर बहुधा जाड काच चिकटवलेली असते, त्यातून बोट आणखीच कमी कळतं. दुसऱ्या एका दुकानदाराने काच न लावलेला टॅब काढून दिला. तिथे अण्णांचं मधलं बोट बऱ्यापैकी चाललं, कारण त्या बोटाला घट्टा नाही. त्याने गल्ल्यातून रबरी टोकाची पेन्सिलीसारखी काडी काढून दिली, स्टायलस म्हणतात ती. साधी असते, बॅटरी लागत नाही, कुठल्याही टचस्क्रीनवर चालते. अण्णांनी ती पेन धरतो तशी धरली आणि पहिल्याच फटक्यात कीर्तनाचा व्हिडिओ सुरू केला. त्या दुकानदाराचे मला मनापासून आभार मानायचे आहेत. त्याने आम्हाला अजिबात घाई केली नाही.

दुसरा शोध कानाचा. त्याच दुकानात व्हिडिओ सुरू झाला, आवाज पूर्ण वाढवला, आणि अण्णा म्हणाले, "आवाज येतोय, काय बोलतेत कळंना." यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांचं हे नेहमीचं दुखणं आहे. सततच्या मोठ्या आवाजाने कानाची शक्ती जाते ती आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत. क, त, स, श यांसारखी व्यंजनं ज्यावर ओळखू येतात ते आवाज त्या वरच्या भागात असतात. स्वर खालच्या पट्टीत, ते नीट ऐकू येतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, शब्द कळत नाही. आवाज नुसता वाढवला की खालची पट्टीही वाढते आणि गोंगाट होतो. आम्ही घरात इतकी वर्षं "अण्णा, लक्ष कुठं असतं तुमचं" म्हणत आलो, ते या खडखडाटाचं होतं.

यावरून तीन गोष्टी ठरल्या. एक म्हणजे पडदा मोठा हवा, ११ इंचाच्या आसपास, कारण बोलणाऱ्याचे ओठ दिसले की अण्णांना निम्मं बोलणं कळतं. फोनच्या पडद्यावर नातीचा चेहरा बोराएवढा दिसतो, टॅबवर तो दिसायला हवा तेवढा दिसतो. दुसरं, स्पीकर दोन्ही बाजूंना हवेत आणि हेडफोनची जुनी गोल पिन बसायला हवी. ब्लूटूथचं चार्जिंग आणि जोडणी हा अण्णांच्या मागे आणखी एक व्याप झाला असता, वायरचा हेडफोन घातला की झालं. तिसरं सहसा कुणी बघत नाही: समोरचा कॅमेरा लांब बाजूच्या मधोमध आहे का. टॅब स्टँडवर आडवा ठेवला जातो. कॅमेरा आखूड बाजूला असेल तर माणूस पलीकडे सारखा बाजूला बघताना दिसतो, आणि लहान मुलांना आजोबा आपल्याकडे बघत नाहीत असं वाटतं.

डोळ्यांचं त्या मानाने सोपं होतं. दोन्ही मोतीबिंदू काढलेले आहेत. अक्षर मोठं आणि ठळक करून मिळतं, ते कुठल्याही टॅबमध्ये होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं करून बघितली, त्यांना पांढऱ्यावर काळंच बरं वाटलं. उजेड थोडा कमी ठेवला.

आयपॅडचा विचार बहिणीने आग्रहाने मांडला होता, आणि तो टाकाऊ नव्हता. २०२३ पासून आयपॅडमध्ये असिस्टिव्ह ॲक्सेस नावाची सोय आहे, त्यात पडदाभर मोजकी मोठी चित्रं ठेवता येतात आणि बाकी सगळं झाकलं जातं. ज्यांच्या घरात सगळ्यांकडेच ॲपल आहे आणि वडिलांना फक्त फोटो आणि व्हिडिओ कॉल हवेत, त्यांनी तो जरूर बघावा. आमच्यासाठी अडलं ते तीन ठिकाणी. साध्या आयपॅडची किंमत आम्ही बघितली तेव्हा ३४,९०० रुपये होती, सिमवाला घ्यायचा तर आणखी पुढे. हेडफोनची गोल पिन त्यात नाही. आणि उन्हाळा. ॲपल स्वतःच सांगतं की आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. आमचं अशोक चौकाकडचं घर, वरची खोली पत्र्याची. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा त्या खोलीत काय होत असेल, विचारूच नका. उष्णता कुठल्याच बॅटरीला मानवत नाही, अँड्रॉइडलाही नाही. पण तिथे वापरून झिजणारच असेल तर कमी किमतीचा टॅब झिजलेला परवडतो. शिवाय टॅब खालच्या खोलीत, खिडकीपासून लांब राहील आणि चार्जिंग पहाटे किंवा रात्री होईल, असा नियम आईने घालून दिला आहे आणि ती तो पाळून घेते.

अगदी स्वस्तातले टॅबही बघितले. एका दुकानात एकाचं खूप कौतुक करून दाखवलं, कंपनीचं नाव मी आधी ऐकलं नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख बघितली तर ती फार जुनी होती. ज्याला फसवे मेसेज ओळखता येत नाहीत त्याच्याच हातात अपडेट बंद झालेलं यंत्र द्यायचं, हे मला पटलं नाही.

सिम हवं की नको यावर आमची बरीच चर्चा झाली. घरात वाय-फाय आहे. पण लाइट गेली की राउटर बंद, आणि मग आईला फोनवरून हॉटस्पॉट सुरू करून द्या म्हणायचं. म्हणून सिमवाला घेतला. त्याचा दुसरा फायदा आधी लक्षात आला नव्हता: टॅबला नवा नंबर मिळाला, तो कुटुंबाबाहेर कुणाकडेच नाही. व्हॉट्सॲप त्याच नंबरवर सुरू केलं, अनोळखी नंबरचे कॉल गप्प करायची सोय त्यात आहे ती चालू केली. आजवर त्यावर एकही लुबाडणारा फोन आलेला नाही. अण्णांचा जुना नंबर, ज्याच्यावर बँकेचे मेसेज येतात, तो बटणांच्या फोनमध्ये तसाच राहिला. टॅबमध्ये बँकेचं काही नाही, यूपीआय नाही, गूगल खात्याला कार्ड जोडलेलं नाही. त्यामुळे टॅब उघडायला आकड्यांची पिन ठेवायचीही गरज उरली नाही. कव्हरचं झाकण उघडलं की टॅब चालू.

शेवटी सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस घेतला, ५जीवाला. कॅमेरा लांब बाजूला, चार स्पीकर, गोल पिन आहे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, ते हातात धरून बघायला जड होतं, म्हणून उभं राहणारं कव्हर त्याच दिवशी घेतलं. काच चिकटवली नाही. दुकानदार "पडला तर?" म्हणत होता. पडायची शक्यता आहेच, पण बोट न कळण्याचा त्रास रोजचा असता.

टॅब घेतल्यावरचं काम खरेदीपेक्षा जास्त वेळ खाणारं निघालं. पहिल्या पडद्यावरचं सगळं काढून टाकलं आणि पाच चित्रं ठेवली, त्या कागदावरच्या पाच कामांची. नातीसाठी थेट बहिणीच्या व्हॉट्सॲप गप्पांचा शॉर्टकट केला, म्हणजे नावं शोधत बसायला नको. चित्रं जागची हलू नयेत म्हणून पडद्याची मांडणी कुलूपबंद केली. दाबून धरण्याचा वेळ सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी या भागात जाऊन सगळ्यात लांब केला, तो बदल अण्णांच्या बोटासाठी सर्वांत उपयोगी ठरला, आता चित्र सुटून येत नाही. बोटाने सरकवून मागे जायची जी नवी पद्धत असते ती बंद करून खाली तीन जुनी बटणं आणली, कारण डोळ्याला दिसणारं बटण माणसाला शोधता येतं, न दिसणारी खूण लक्षात ठेवावी लागते. पडदा आपोआप आडवा-उभा होणं बंद. यूट्यूबवर एक संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होणं बंद. कॉल सोडून सगळ्यांच्या सूचना बंद. एका कानाने जरा जास्त ऐकू येतं, म्हणून दोन्हीकडचा आवाज एकत्र करणारी मोनो ऑडिओची सोय चालू.

शिकवताना मी आणि आईने ठरवून एक गोष्ट पाळली. आपण हात लावायचा नाही. अण्णांनीच करायचं, अडले तरी त्यांचं त्यांना थोडं चाचपडू द्यायचं. त्यांनी स्वतःची एक वही केली आहे. त्यात पेन्सिलने पायऱ्या लिहिल्या आहेत: झाकण उघडणे, पांडुरंगाचे चित्र, थांबणे, गोल फिरले तर थांबणे. हे "थांबणे" त्यांनी स्वतःहून लिहिलं. मी वही बघितली तेव्हा मला मागावरच्या जॅकार्ड यंत्राची आठवण झाली. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेतून येते, एका कार्डावर एक बाणा म्हणजे आडवा धागा, भोक असेल तर ताण्याचा उभा धागा वर, नसेल तर खाली. एक कार्ड उलटसुलट लागलं तर नक्षी कुठे मोडली हे अण्णा चादर बघून सांगायचे. अशा माणसाला टेक्निकल कळत नाही असं आपण सहज म्हणून जातो. पायरीमागून पायरी हे तर त्यांनी जन्मभर केलं आहे. त्यांना नवी आहे ती काच आणि तिच्यावरची चित्रं.

टाइप करणं आम्ही शिकवलंच नाही. यूट्यूबमधला माईक दाबून ते बोलतात. "तुकाराम महाराजांचा अभंग लाव," असं पूर्ण वाक्य म्हणतात, आणि लागतं. अधूनमधून भलतंच लागतं, तेव्हा पुन्हा म्हणतात. यंत्राला "अहो" म्हणायचं का "अरे", यावर त्यांची आणि आईची बोलणी चालू असतात.

जाहिरातींचा त्रास आहे. "तुमच्या टॅबमध्ये व्हायरस आहे" अशी पाटी एकदा आली तेव्हा ते घाबरून टॅब बंद करून बसले आणि रात्री मला फोन केला. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही बंद केलात तेच बरोबर केलंत. त्यानंतर ब्राउझरचं चित्र पडद्यावरून काढलं आणि 'संचार'साठी थेट त्या पानाचा शॉर्टकट ठेवला. पोलीस, कस्टम, कुरिअर असं म्हणून कुणी व्हिडिओ कॉलवर आलं आणि अटक करतो म्हणालं तर झाकण बंद करायचं, हेही वहीत लिहिलं आहे. कायद्यात 'डिजिटल अटक' असं काही नसतं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३० वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यांत आहे. काही अडलं तर मी व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर त्यांचा पडदा बघतो, ती सोय २०२३ पासून आहे. पण हीच सोय ठगही वापरतात, म्हणून ती फक्त माझ्याबरोबर किंवा बहिणीबरोबर, तिसऱ्या कुणाबरोबर नाही, हे त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

आता सकाळी आंघोळीनंतर दर्शन होतं, तोवर चहा थांबतो. नात संध्याकाळी येते, अण्णा हेडफोन लावून तिच्याकडे नीट बघत बसतात, आणि ती काय म्हणाली ते नंतर आईला सांगतात. पूर्वी आई त्यांना सांगायची. स्टायलस दोनदा हरवली, तिला आता चादरीच्या धाग्याने कव्हरला बांधून टाकली आहे, गाठ अण्णांनीच मारली.

कानाचं मात्र टॅबने भागणार नाही. हेडफोन लावला तरी बहिणीचं बोलणं भराभर झालं की त्यांना कळत नाही, हे आता रोज समोर दिसतं. पूर्वी लक्षात येत नव्हतं. म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची, वेळ घेतली आहे. श्रवणयंत्र लागलं तर टॅबला ब्लूटूथने जोडता येणारं मिळतं का, हे मी विचारणार आहे. अण्णांचं म्हणणं आहे की जोडायचं काम त्यांना वहीत लिहून द्यावं, बाकी ते बघतील.